गाळलेला प्रवेश

आमच्या वाडीत दर जयंतीला जे नाटक होतं, ते मी लिहिलेलं नाही. कार्यक्रमपत्रिकेवर लेखक म्हणून माझं नाव छापलेलं असतं, आणि सूत्रसंचालक ते माझ्या हुद्द्यासकट वाचतो. पण नाटक माझ्या थोरल्या चुलतभावाचं आहे. त्याला एक शेवटचा प्रवेश होता. तो मी पहिल्याच वर्षी काढून टाकला आणि काढण्याचं कारण सगळ्यांना खोटं सांगितलं. हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही, बायकोजवळही नाही. भावाला सांगण्याचा प्रश्न नव्हता. त्याला माहीत होतं.

आता त्याला लकवा मारलाय. उजवी बाजू गेली, बोलणं निम्मं गेलं. तो प्रवेश एकदा तरी वाडीसमोर झालेला त्याला बघायचाय. त्याची मागणी एवढीच आहे आणि ती आजची नाही.

मी मुरबाडला एका कचेरीत कारकून आहे. घर किन्हवलीच्या पुढे. सकाळी एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर जीप, तिच्यात पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून चार. भाऊ कसाऱ्याला रेल्वेत गँगमन होता. घाटातले रूळ, खडी, स्लीपर हे त्याचं आयुष्य. त्याचे वडील आणि माझे वडील सख्खे, त्यामुळे घरं लागून, मधे एकच भिंत. ओढ्याच्या खालच्या अंगाला आमची बौद्धवाडी, वरच्या अंगाला गाव. गावातल्या शेतांवर आमच्या आज्या-पणज्यांनी काय काय केलं ते इथे सांगत बसत नाही. वाडीत सगळ्यांना माहीत आहे, गावातही माहीत आहे आणि आता दोन्हीकडे ते कोणी काढत नाही. वर्षातून एकदा नाटकात निघतं.

नाटक सुचलं ते नाणेघाटात. आम्ही दोघंही बिनलग्नाचे होतो तेव्हाची गोष्ट. मंडळाची सहल गेली होती. गुहेत एक गृहस्थ आपल्या बरोबरच्या मंडळींना भिंतीवरच्या अक्षरांबद्दल समजावून सांगत होते, राजानं यज्ञ केले, अमुक गाई दिल्या, तमुक घोडे दिले, हत्ती दिले. भाऊ थोडा वेळ ऐकत उभा राहिला आणि मग वर जकातीच्या दगडी रांजणापाशी गेला. येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी त्यात नाणी टाकायची, असं सांगतात. भावानं आत डोकावून पाहिलं. आत पावसाचं पाणी आणि वेफर्सची पिशवी होती.

"टाकायचा कोन ते कळलं," तो म्हणाला. "उपसायचा कोन?"

"असेल कोणी गडी," मी म्हटलं.

"त्याचं कायच नाय लिवलेलं?"

"त्यानं हत्ती दिले नसतील."

घाट उतरायला लागलो तसं त्यानं नाटक सांगायला सुरुवात केली, आणि वैशाखऱ्याला जीप मिळेपर्यंत ते सांगून झालं होतं.

नाटक असं. सातवाहनांचा काळ. कल्याणच्या बंदरात जहाजं लागतात, माल बैलांवरून घाटाच्या पायथ्याशी येतो, तिथून वर मात्र दासांच्या पाठीवरून चढतो. रांजण उपसणारा दास हा त्यातलाच एक. एका पावसाळ्यात जुन्नरच्या लेण्यांकडे निघालेला म्हातारा भिक्खू घाटातल्या गुहेत अडकतो. दास त्याला म्हणतो, मी दास आहे, माझ्या हातचं खाशील का? भिक्खू म्हणतो, दास कुठाय, दाखव. दास म्हणतो, हा काय, मी. भिक्खू त्याच्याकडे नीट बघतो. म्हणतो, पाठ दिसते. पाठीवर ओझं दिसतं. चिखलात रुतलेले पाय दिसतात. दास काही दिसत नाही. शोध, आणि सापडला की आणून दाखव.

दास शोधायला लागतो. बाकीच्यांना विचारतो, तुम्हाला सापडतो का. पावसाळाभर घाटातले सगळे दास हेच करतात, आणि कोणालाच दास सापडत नाही. मग एका सकाळी ते ओझी खाली ठेवतात आणि जिथं आहेत तिथं बसतात. कोणी कोणाला मारत नाही. वरचं धान्य वर राहतं, खालचं मीठ खाली. राजा सैन्य पाठवतो, पण सैन्याचे भाले आणि तंबू वाहणारेही दासच असतात, तेही खाली ठेवून बसतात. बंडाची एवढीच लढाई.

आणि मग शेवटचा प्रवेश. पायथ्याशी मालक, म्हणजे श्रेष्ठी, एकटाच उरलाय. पुष्कळ वाट बघून तो एक गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घेतो आणि चढायला लागतो. अर्ध्या वाटेत पाय थरथरतात, तेव्हा तो त्या दासाच्या शेजारी बसतो. दास त्याला आपल्या वाळक्या भोपळ्यातलं पाणी देतो. पाणी पिऊन श्रेष्ठी म्हणतो, मी श्रेष्ठी आहे. दास इकडेतिकडे बघतो. म्हणतो, कुठाय? गाठोडं दिसतंय, सुजलेले पाय दिसतायत. मग दोघं गाठोडं दोन बाजूंनी धरतात आणि चढू लागतात.

"आणि पुढं?" मी जीपमध्ये विचारलं.

पुढची दोन हजार वर्षं भाऊ किन्हवलीपर्यंत सांगत होता. त्या वर्षांत ओझं पाळीनं वाहायचं असा कायदा. राजा झाला तरी महिन्यातून एकदा घाट चढायचा. जन्मावरून काम ठरवायची कल्पना कोणीतरी काढून पाहतो, पण लोक विचारतात, तो जन्म कुठाय, दाखव, तेव्हा ती तिथंच बारगळते. आमच्या गावात विहीर एकच, आणि ती नेमकी ओढ्याच्या मधोमध, कारण कोणाच्या बाजूला खणायची यावर भांडण नको. "आनि मुरबाडला रेल्वे कवाच आली असती," तो म्हणाला.

"ती कशी?"

"मालकांना सोताला ओजी वाहाला लागली असती ना. दुसऱ्याच साली रूळ टाकले असते त्यांनी."

जीपवाला मागे वळून हसला. तो मुरबाडचाच होता, आणि मुरबाडला रेल्वे अजून यायचीच आहे.

घरी आल्यावर भाऊ सांगत गेला आणि मी लिहीत गेलो. माझं अक्षर चांगलं आहे. त्या नाटकात माझा वाटा तेवढाच. वही माझ्या अक्षरात होती म्हणून पत्रिकेवर नाव माझं आलं, आणि मी ते खोडलं नाही.

तालमी विहारात सुरू झाल्या. विहार तेव्हा पत्र्याचं होतं. दास व्हायला अख्खी वाडी तयार, श्रेष्ठी व्हायला कोणीच नाही. एकाला आम्ही जवळजवळ पटवलं होतं, तर त्याच्या आईनं निरोप पाठवला की माझा पोरगा मालक होणार नाही, त्याचं लग्न जमवायचंय. भिक्खू म्हणून पोस्टातले एक निवृत्त गृहस्थ मिळाले. रांजणवाला दास मी घेतला. मी घेतला म्हणजे लिहिताना त्या पात्रापुढे माझं नाव लिहून टाकलं. शेवटी भाऊ म्हणाला, "आन ते इकडं, मी होतो मालक."

आणि तो झाला. कोणी शिकवलं नव्हतं. बोलताना समोरच्या माणसाकडे बघायचं नाही, त्याच्या मागच्या भिंतीकडे बघायचं, एवढीच एक गोष्ट त्यानं केली, आणि विहारात बसलेली माणसं अवघडून सरकून बसली. पुढे एका वर्षी गावातला एक म्हातारा शेतकरी नाटक झाल्यावर त्याला भेटायला आला. हा म्हातारा दर वर्षी यायचा. खुर्ची दिली तरी रस्त्याच्या कठड्यावरच बसायचा.

"आमचा आजा डिट्टो असाच बोलायचा," तो म्हणाला. "तू कवा बघलास रे त्याला? तू तर जल्मला बी नसशील."

"आज्याला कुठं बघतो. तुमच्याकडं बघूनच केलं."

म्हाताऱ्यानं जरा विचार केला. "मंग बराबर हाय," म्हणाला आणि तंबाखूची पुडी पुढं केली.

पण हे नंतरचं. गाळायचं घडलं ते पहिल्या वर्षी, शेवटच्या प्रवेशाच्या पहिल्या तालमीत. भाऊ गाठोडं घेऊन आला, माझ्या शेजारी धापा टाकत बसला. मी भोपळा उचलला. भोपळा म्हणजे प्लास्टिकचा तांब्या. मी उभा राहिलो आणि त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतायला लागलो, जरा उंचावरून. माझ्या मनात होतं की लोकांना कळेल. असं पाणी कोण कोणाला द्यायचं ते आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. आता ते उलटं झालेलं दिसेल, आणि धार माझ्या हातात असेल.

चुलती, म्हणजे भावाची आई, कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "वरनं काय ओततंस रे? तांब्या दे त्याच्या हातात."

"अगं काकी, पण त्यातच तर गंमत आहे."

"गमत नको करू. आमी पिलोय तसं. दे त्याच्या हातात."

मी बसलो आणि तांब्या भावाच्या हातात दिला. तो प्यायला. तांब्याला तोंड लावून, हळूहळू, घाट चढलेला माणूस पितो तसा. तांदूळ निवडायचं थांबलं. सगळे बघत होते ते त्याच्याकडे. मी तिथंच मांडी घालून बसलेलो, हात मोकळे. चुलती म्हणाली, "परत करा."

आम्ही परत केलं. परतही सगळ्यांनी त्याच्याकडेच बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी मंडळाच्या बैठकीत विषय काढला. म्हटलं, शेवटचा प्रवेश लांबतोय, आणि दुसरं म्हणजे तो विचारात बसत नाही. मालकाला माफी? दोन हजार वर्षं ज्यांनी वाहिलं त्यांनी शेवटी त्यालाच पाणी पाजायचं? लोक काय म्हणतील? मी हे चांगल्या भाषेत मांडलं. मला ते येतं. मुलं माना डोलवत होती.

भाऊ म्हणाला, "माफी नाय रे ती. दास नाय दिसला, तर मालक तरी कसा दिसंल? हे नाय दाखवलं तर इचार अर्धाच ऱ्हातोय."

"लोकांना एवढं कळणार नाही."

"तुला कळलं ना?"

मला कळलं होतं. सगळ्यांत आधी मलाच कळलं होतं. मी म्हटलं, "मला कळून काय उपयोग, मी प्रेक्षक आहे का?" मुलं हसली आणि ठराव झाला.

नवा शेवट मी रात्रीत लिहिला. दास उठतात, श्रेष्ठीच्या पाठीवर सगळी ओझी लादतात आणि लाथा मारत त्याला घाटाखाली हाकलतात. घाट म्हणजे प्रेक्षकांमधून ठेवलेली वाट. भाऊ ओझ्याखाली वाकून त्या वाटेनं पळाला, हाकलणाऱ्यांत मी पुढे, बाकीचे मागे, आणि दोन्ही बाजूंची माणसं उठून ओरडायला लागली. आमच्या वाडीत कुठल्याही कार्यक्रमाला एवढी दाद कधी मिळाली नव्हती. मला खांद्यावर घेतलं.

त्या रात्री माइकवर मी आणखी एक केलं. कोणीतरी विचारलं की हे खरंच झालं होतं का. मी म्हटलं, नाणेघाटाच्या शिलालेखात याचा उल्लेख आहे. खांद्यावरून नुकताच उतरलो होतो. आता मंडळाची पोरं दर वर्षी घाटात जाऊन त्या रांजणाला हार घालतात. पुण्याहून आलेले ट्रेकिंगवाले विचारतात तेव्हा पोरं त्यांना बंडाची माहिती देतात, आणि ट्रेकिंगवाले मोबाइलवर ती रेकॉर्ड करून घेतात. आमच्या शाळेतल्या एका मुलीला त्यावरच्या निबंधाला बक्षीस मिळालं, आणि ते माझ्या हस्ते दिलं.

नाटक दर वर्षी होऊ लागलं. बाहेरच्या वाड्यांतूनही बोलावणी आली, शहापूरच्या बाजूनं, टोकावड्याच्या बाजूनं. माझा सत्कार व्हायचा, शाल आणि गुलाब. भावाला टाळ्या नव्हत्या, कारण त्याच्या वाट्याचं जे काही होतं ते पळण्यातच संपायचं. कोणी केळ्याची साल फेकायचं, मग चप्पल. एकदा एका आजीनं त्याला खरंच काठी घातली आणि दुसऱ्या दिवशी घरी येऊन हळद लावून गेली. म्हणाली, मला कळलंच नाय रे बाबा तू हायस.

मग त्याचं नाव शेठ पडलं. आधी मुलांनी पाडलं, मग मोठ्यांनी उचललं. रेशनच्या रांगेत, "शेठ, तुमी कशाला रांगेत, मानूस पाठवायचा ना." एसटीत, "शेठला जागा द्या रे." त्यात वाईट हेतू कोणाचा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. पण त्याच्या मुलीला शाळेत शेठची पोर म्हणायचे, आणि आठवीनंतर ती जयंतीला यायची बंद झाली. कॅलेंडर बघून मामाकडे जायची.

पत्र्याचं विहार पाडून पक्कं बांधायचं ठरलं तेव्हा भाऊ बैठकीत म्हणाला की बांधकामावर मी लक्ष ठेवतो, माझ्या सुट्ट्या शिल्लक आहेत. मागून कोणीतरी म्हणालं, "शेठ, परत आमच्या पाठीवर दगड का?" सगळे हसले, तोही हसला. हसणं थांबलं तेव्हा विषय पुढे गेलेला होता. देखरेखीचं काम माझ्याकडे आलं. मला त्यातलं काही कळत नाही. विहाराची मागची भिंत जरा कललेली आहे ती त्यामुळे.

मी त्या बैठकीत अध्यक्षाच्या खुर्चीवर होतो. एवढं म्हणायचं होतं की हा माणूस शेठ नाही, तुम्ही ज्याच्यावर हसताय ते नाटक यानंच केलंय, आणि तुम्ही नेमकं तेच करताय जे करू नका असं त्यात सांगितलं होतं. मी म्हटलं, पुढचा विषय.

दर वर्षी तालमी सुरू व्हायच्या आधी तो माझ्या दारात यायचा. आत यायचा नाही, दाराच्या चौकटीला टेकून विचारायचा, "औंदा शेवट लावायचा का रे?"

"बघू," मी म्हणायचो.

"बघ," तो म्हणायचा आणि जायचा. त्यानं कधी आवाज चढवला नाही, कोणाकडे तक्रार नेली नाही. तसं केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी भांडलो असतो आणि भांडणात बरोबरही ठरलो असतो.

गेल्या पावसाळ्यात तो ड्यूटीवर पडला. कसाऱ्याहून कल्याणला नेलं. वाचला. आता दारात खाट टाकून असतो, संध्याकाळी वहिनी त्याला धरून अंगणात फिरवते. जयंतीच्या महिनाभर आधी मी भेटायला गेलो, तर तो माझ्याकडे बघून "शे," म्हणाला. मग बराच वेळ जुळवाजुळव करून, "वट."

मी इकडचं तिकडचं बोलायला लागलो. तोच वहिनी चहा घेऊन आली.

"भावजी, ते शेवट इचारतात," ती म्हणाली.

"हो, कळलं."

"मंग? यंदा बी बघूच का?"

हातातला कप मी खाली ठेवला. "तुम्हाला माहिताय?"

"लगीन होऊन आले त्याच साली सांगितलं त्यांनी. सगळा परवेश करून दावला मला, या पडवीत. मी दास झालेले."

"मग तो कोणाला बोलला का नाही?"

"ते म्हनायचे, नाटक होतंय ना दरसाली. मी बोललो तर मंडळात दोन पार्ट्या पडतील, नाटक बंद होईल." तिनं भावाच्या हनुवटीवरचा चहा पदरानं पुसला. "मी म्हनले, पडू दे की बंद. तुमाला पळवतात ते तरी थांबंल. तर माज्यावरच खेकसले."

भाऊ हसला. अर्ध्या तोंडानं, पण हसलाच.

मी तिथून उठलो तो सरळ मंडळाकडे गेलो. आता अध्यक्ष एक तरुण मुलगा आहे, भिवंडीला गोडाऊनमध्ये कामाला जातो, हुशार आहे, मला मान देतो. विहाराच्या पायरीवर चार-पाच जण बसले होते. मी म्हटलं, यंदा आपण शेवट बदलू या. आणि त्यांना तो प्रवेश सांगितला. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"काका, राग मानू नका," अध्यक्ष म्हणाला. "पन मूळ नाटकात असं नाय."

"मूळ नाटकातच होतं."

"मंग तुमीच काढलं असंल ना? काय तरी इचार करूनच काढलं असंल. तुमी तेव्हाची मानसं, तुमाला जास्त कळत होतं."

दुसरा म्हणाला, "आनि शिलालेखात असं हाय का? पानी पाजल्याचं?"

"शिलालेखात नाही," मी म्हटलं. आयुष्यात त्या शिलालेखाबद्दल मी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य.

"बघा. मंग इतिहासाची मोडतोड कशाला कराची? उद्या कोनी व्हिडिओ टाकला तर लोक आपल्यालाच धुतील, मालकाला पानी पाजतात म्हनून."

"आनि काका, पोरं वरसभर पळवायची वाट बघतात," तिसरा म्हणाला.

इथे दोनच वाक्यांचं काम होतं. नाटक माझं नाही, ज्याचं आहे तो त्या खाटेवर पडलाय. आणि शिलालेखाचं मी खोटं सांगितलं होतं. ही दोन वाक्यं बोललो असतो तर मुलांनी ऐकलं असतं, याची मला खात्री आहे. वाईट मुलं नाहीत. मी त्यांचे चेहरे बघितले. त्यांच्यातल्या दोघांनी रांजणावर कविता केलेल्या आहेत. मी म्हटलं, "बरं. बघू."

अध्यक्षानं मला पायरीवरून उतरायला हात दिला.

यंदाची जयंती झाली. नाटक झालं. शेठचं काम आता एक कॉलेजातला मुलगा करतो. तो माणसाच्या मागच्या भिंतीकडे बघत नाही, नुसता ओरडतो. भावाला पुढच्या रांगेत खुर्ची दिली होती, आणि त्याची मुलगी, बऱ्याच वर्षांनी, सासरहून आली होती. ती त्याच्या शेजारी उभी होती. दास व्हायला मी आता जात नाही, मी खुर्चीवरच्या पाहुण्यांत होतो. शेवट आला, मुलावर ओझी लादली आणि पळापळ सुरू झाली. मुलगा पहिल्या रांगेवरून वळला तेव्हा कोणीतरी फेकलेली चप्पल भावाच्या मांडीवर पडली. चुकून. सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, "शेठला अजून सोडत नायत बघ." मुलीनं ती चप्पल उचलली, खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. तिला माहीत आहे की नाही मला माहीत नाही. बहुतेक आहे.

गर्दी पांगल्यावर मी भावाला एका बाजूनं धरून घरी नेलं. खाटेवर बसवल्यावर त्यानं डाव्या हातानं माझं मनगट धरलं, आणि या वेळी शब्द लवकर जुळला. "पु," म्हणाला. "पुढं."

पुढच्या वर्षी, असं त्याला म्हणायचं असेल. मी मान हलवली, पण ती हो होती की नुसती हलली हे मला आत्ताही सांगता येत नाही. डॉक्टरांनी वहिनीला सांगितलंय की दुसरा झटका आला तर सांभाळणं कठीण आहे.

हे लिहून झालं म्हणजे काही फिटलं, असं मी समजत नाही. आमच्या वाडीत हे कोणी वाचणार नाही हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच इथे लिहायला हात अडला नाही. माझं देणं बाकीच आहे. विहारासमोर माइक घेऊन मला वाडीला सांगायचंय की नाटक त्याचं आहे, ती हकीकत कुठल्याही दगडावर कोरलेली नाही, आणि शेवट मी गाळला तो विचारासाठी नाही, माझ्याकडे कोणी बघत नव्हतं म्हणून गाळला. त्यानंतर तो प्रवेश करायचाय, श्रेष्ठी मी होऊन, तो खुर्चीवर बसून बघत असताना. हे जयंतीपर्यंत थांबवण्यासारखं नाही. अजून मी केलेलं नाही.